सुळावरची पोळी

चपला बाहेर काढायच्या, आत गेल्यावर एसीचा गारवा, आणि मॉनिटरवर धूळ बसू नये म्हणून खास शिंप्याकडून शिवून घेतलेली कापडी टोपडी. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात ज्यांनी संगणकाचा क्लास लावला, त्यांना डॉसच्या आज्ञा आज आठवत नसतील. पण सर पाठमोरे झाले की कुणीतरी हळूच सुरू केलेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ नक्की आठवत असेल. संगणक कमी आणि मुलं जास्त, त्यामुळे एका कीबोर्डवर दोघं बसायचे. एकाकडे बाणांची बटणं, दुसऱ्याकडे शिफ्ट. पांढऱ्या कपड्यातला राजपुत्र भुयारात धावत सुटायचा, एका लादीवर त्याचा पाय पडायचा आणि खालून सुळे वर यायचे. खच्. राजपुत्र तिथेच टांगलेला, आणि बाणवाला शिफ्टवाल्यावर खेकसतोय, ‘अरे, दाबलं का नाहीस?’

शिफ्ट धरून बाण दाबला की राजपुत्र धावत नसे, एकेक पाऊल जपून टाकत असे. मग गंमत व्हायची. सुळे तसेच वर यायचे, तेवढेच लांब, तेवढेच टोकदार, पण तो त्यांच्यातून वाट काढत पलीकडे जायचा. अंगावर ओरखडासुद्धा नाही.

आम्ही त्यांना भाले म्हणायचो, कुणी खिळे म्हणायचं. मी इथे सुळे म्हणतो, कारण जबड्यातून दात बाहेर यावेत तसे ते लादीतून येतात. त्या वयात या प्रकारात काही विचित्र आहे असं वाटलं नव्हतं, आता वाटतं. जमिनीतून वर उसळणारा लोखंडी सुळा, समोरचा माणूस किती वेगानं चाललाय याची चौकशी करत बसेल का? खेळातले सुळे मात्र नेमकी तेवढीच चौकशी करतात. साहसी खेळांच्या तळघरांमधले सापळे समजून घ्यायचे तर ही विचित्र चौकशीच हाताशी धरावी लागते, असं माझं मत आहे. मारणं हे त्यांचं वरवरचं काम. खरं काम खेळणाऱ्याची चाल बदलणं.

हा खेळ रचणारा जॉर्डन मेकनर न्यूयॉर्कचा. येल विद्यापीठात शिकत असतानाच त्यानं ‘कराटेका’ नावाचा खेळ लिहिला आणि १९८४ साली ब्रोडरबंड या कंपनीनं तो बाजारात आणला. पुढच्या खेळासाठी १९८५ मध्ये त्यानं आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून एका पार्किंगच्या मोकळ्या जागेत पळायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावलं आणि ते सगळं व्हिडिओ कॅमेऱ्यावर टिपलं. मग त्या चित्रफितीतली एकेक चौकट घेऊन, तिच्यावरून आकृती गिरवून, ती ॲपल टू संगणकात भरली. या गिरवण्याला रोटोस्कोपिंग म्हणतात. सिनेमावाल्यांना ते कैक दशकं ठाऊक होतं, पण घरगुती संगणकावरच्या खेळात माणूस इतका माणसासारखा हलताना तोवर फारसा कुणी पाहिला नव्हता. खेळ १९८९ मध्ये ॲपल टूवर आला, १९९० मध्ये डॉसवर. आपल्याकडच्या क्लासांमध्ये फिरला तो हा दुसरा.

गिरवलेल्या चालीचा एक परिणाम झाला आणि सुळ्यांचं सगळं नाट्य त्यावर उभं आहे. राजपुत्राला वजन आलं. निन्टेन्डोचा मारिओ हवेत उडी मारल्यावरही मन बदलू शकतो. पुढे जाता जाता मागे वळतो. मेकनरच्या राजपुत्राला ते शक्य नाही. धावायला लागायच्या आधी तो अंग सावरतो, थांबायचं झालं तर एकदोन पावलं घसरत जातो, आणि उडी एकदा घेतली की ती पुरी झाल्याखेरीज त्याच्या हातात काही नाही. डॉसवर हा खेळ सेकंदाला साधारण १२ चौकटी दाखवतो. डोळ्यांनी काही पाहून बोट हलायला माणसाला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, म्हणजे तीन चौकटी. सुळे वर आलेले दिसल्यावर बटणाकडे जाणारं बोट आणि लादीकडे जाणारा पाय यांची शर्यत लागते, आणि ती पायच जिंकतो. म्हणून इथे चपळाई कामाची नाही. ठरवायचं ते आधी.

आणि आधी ठरवण्यासाठी खूण ठेवलेली आहे. सुळे आत गेलेले असतानाही त्या लादीवर बारीक भोकं दिसतात. हिरव्या-काळ्या मॉनिटरवर ती दिसायला जरा डोळे ताणावे लागत, हे खरं. पण ती असतात. खेळानं तुम्हाला सांगितलेलं असतं. तुम्ही धावत होतात म्हणून तुम्हाला ऐकू आलं नाही, एवढंच.

मग सगळीकडेच चालत का जाऊ नये? कारण डोक्यावर घड्याळ आहे. वजीर जाफरनं राजकन्येला तासाभराची मुदत दिलेली आहे: माझ्याशी लग्न कर, नाहीतर मर. तेवढ्या ६० मिनिटांत राजपुत्रानं १२ पातळ्या ओलांडून वर पोहोचायचं. मेलात तर पातळी पहिल्यापासून, पण घड्याळ मागे जात नाही. शिफ्ट धरून एकेक पाऊल टाकत राहिलात तर सुळे काही करणार नाहीत, पण वेळ खाऊन टाकेल. घड्याळ म्हणतं पळ, सुळे म्हणतात थांब. खेळणारा या दोघांच्या मध्ये सापडलेला. मी तर म्हणेन की या खेळाचा खरा खलनायक जाफर नव्हेच. कुठे पळायचं आणि कुठे दबकत जायचं हा जो हिशेब डोक्यात सतत चालू राहतो, तोच राजपुत्राला खरा छळतो. (आमच्या क्लासात यावर एक सोपा तोडगा होता: खेळ सुरू करताना ‘प्रिन्स’पुढे ‘मेगाहिट’ असा शब्द टाइप करायचा. मग वेळ वाढवता यायचा, पातळी ओलांडून पुढे जाता यायचं. हा मंत्र कुठून आला कुणालाच ठाऊक नव्हतं. फ्लॉपीबरोबर तोही गावोगाव फिरत होता.)

आपल्या भाषेत जिवावर बेतू शकणाऱ्या लाभाला ‘सुळावरची पोळी’ म्हणतात. पातळ्या रचणाऱ्यांचा सगळा धंदा या पोळीवर चालतो. जीव वाढवणारा औषधाचा बुधला बहुतेकदा अशा जागी असतो की त्याच्या वाटेवर सुळे. दरवाजा उघडणारी कळ दाबली की तो पुन्हा बंद व्हायच्या आत पळत जायला हवं, आणि त्या पळण्याच्या वाटेत भोकांची लादी. या खेळाचा एक पडदा म्हणजे १० लाद्या रुंद आणि ३ मजले उंच, आणि एका पातळीत असे फार तर २४ पडदे. म्हणजे ७२० लाद्यांची वही. त्यात भिंती, खांब, दरवाजे, पडक्या लाद्या आणि सुळे बसवत जायचं. कोणती लादी कशाच्या शेजारी ठेवली यावर सगळं. एकटी सुळ्यांची लादी निरुपद्रवी असते, तीन मजल्यांच्या उंचीवरून पाय निसटला तर खाली तीच लादी असणं ही खरी कारागिरी.

सुळे इतके लाडके का, याचं एक साधं उत्तर काटकसरीत आहे. शत्रू बनवायचा तर त्याला चाल हवी, वार हवा, पडणं हवं, आणि समोरचा काय करतोय ते पाहून वागण्यापुरती अक्कल हवी. ॲपल टूच्या चिमूटभर मेमरीत हे सगळं मावत नव्हतं. मेकनरच्या मूळ बेतात तलवारबाजी नव्हतीच. राजपुत्र आणि सापळे, एवढाच सामना. पुढे सहकाऱ्यांनी लढाई हवीच असा धोशा लावला, तेव्हा मेमरी संपत आली होती. त्यानं राजपुत्राच्याच आकृत्या थोड्या सरकवून एकमेकींवर अशा चढवल्या की त्यातून चमकती सावली तयार झाली, आणि राजपुत्राचा हा जुळा शत्रू जवळजवळ फुकटात मिळाला. सुळ्यांना तर तेवढंही लागत नाही. वर येण्याची चारदोन चित्रं, एक नियम, संपलं. शिवाय त्यांना भाषांतर लागत नाही. वर टोक असलेला त्रिकोण जपानी मुलाला, पोलिश मुलाला आणि इचलकरंजीच्या मुलाला एकच गोष्ट सांगतो.

मेकनरच्या डोक्यात हे भुयार आलं कुठून? त्याची नोंदवही पुढे प्रसिद्ध झाली, आणि तो स्वतःही सांगत आला आहे की १९८१ च्या ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ या सिनेमाची पहिली दहा मिनिटं त्याच्या मनात घर करून होती. इंडियाना जोन्स पेरूतल्या एका मंदिरात शिरतो. वाटेत प्रकाशाचा एक झोत पडलेला आहे. तो त्यात नुसता हात घालतो आणि बाजूनं सुळे झेपावतात. त्यांच्यावर त्याच्या आधी येऊन गेलेल्या एका शोधकाचं प्रेत लटकलेलं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, याचं इतकं शब्दशः चित्र दुसरं सापडणार नाही. खेळात ही म्हण आणखी एका पायरीनं पुढे जाते, कारण तिथे पुढचा आणि मागचा एकच असतो. मगाशी मेलेला राजपुत्र आता पुन्हा चालू लागलेल्या राजपुत्राचा गुरू.

सिनेमा आणि खेळ पाहून असं वाटू लागतं की जुन्या काळी राजेलोक थडग्यांत, मंदिरांत आणि खजिन्यांत असले सुळे बसवतच असणार. पण इजिप्तच्या पिरॅमिडांमध्ये असे सुळे सापडलेले नाहीत. तिथे चोरांना अडवायला होते ते वरून खाली सोडायचे अवजड दगडी पडदे आणि दगडांनी बुजवलेले मार्ग. कारण उघड आहे. उसळणारी यंत्रं गंजतात, कुजतात, अडकतात. दगड अडकत नाही.

खरे सुळे होते ते युद्धात, उघड्यावर. इ.स.पू. ५२ मध्ये ज्युलियस सीझरनं गॉल लोकांच्या अलेसिया गावाला वेढा घातला तेव्हा त्याच्या सैनिकांनी तटाबाहेर आठ रांगांमध्ये खड्डे खणले. प्रत्येक खड्डा तीन फूट खोल, खाली निमुळता. त्यात मांडीएवढ्या जाडीचे, टोक करून जाळात कडक केलेले खुंट रोवले आणि चार बोटं टोक तेवढं वर ठेवलं. तळाशी माती ठोकून बसवली, वरून काटक्या आणि पालापाचोळा पसरला. सैनिकांनी या खड्ड्यांना नाव दिलं लिली, कारण ते त्या फुलासारखे दिसत. सीझरनं स्वतःच हे लिहून ठेवलं आहे. स्कॉटलंडमध्ये रफ कॅसल नावाच्या रोमन ठाण्यापाशी अशा खड्ड्यांच्या रांगा आजही पाहता येतात. आता त्यांत गवत वाढलेलं आहे.

खरा सापळा आणि खेळातला सापळा यांच्यातला फरक त्या पाचोळ्यात आहे. खऱ्या सापळ्यानं लपायलाच हवं. दिसला तर फुकट गेला. खेळातल्या सापळ्यानं दिसायलाच हवं. नाही दिसला तर खेळणारा चिडून संगणक बंद करतो. सीझरचा सापळा शत्रूसाठी होता. मेकनरचा सापळा गिऱ्हाइकासाठी आहे.

आपल्याकडे शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावरचे खिळे सगळ्यांनी पाहिलेले असतात. ते तर लपलेलेही नाहीत आणि सापळाही नाहीत. हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर बसवलेली ती लोखंडी टोकं म्हणजे हत्तीला आणि माहुताला दुरूनच दिलेली समज. खेळाच्या भाषेत सांगायचं तर हा खूण आणि धोका एकत्र असलेला सरळ मामला. खरं तळघर पाहायचं असेल तर देवगिरीला जावं. तिथल्या ‘अंधारी’त सुळे नाहीत. खंदक ओलांडल्यावर डोंगराच्या पोटातून कोरलेला वळणावळणाचा बोगदा, पायऱ्यांची उंची सारखी नाही, बोट डोळ्यात गेलं तरी कळणार नाही असा काळोख आणि वटवाघळांचा वास. वरच्या तोंडावर लोखंडी झाकण. शत्रू आत आला की ते लावून शेगडी पेटवायची आणि धूर आत सोडायचा. वाटाडे मशाल धरून ही गोष्ट रंगवून सांगतात. एखाद्या खेळ रचणाऱ्याला मी ती वाट दाखवली तर तो मान हलवेल आणि म्हणेल, अहो, यात खेळणाऱ्याला संधी कुठे आहे? खरंच नाही. यादवांना ती द्यायची नव्हती.

संधी द्यायची की नाही, हा वाद संगणकाच्या आधी कागदावर लढला गेला. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा अमेरिकेत १९७४ मध्ये आलेला, टेबलाभोवती बसून बोलत खेळायचा खेळ. एक जण भुयार कल्पितो, बाकीचे त्यात शिरतात. (डन्जन हा शब्द मूळ फ्रेंच ‘दोंजों’, म्हणजे किल्ल्यातला सर्वांत उंच आणि मजबूत बुरूज. बुरुजाचं तळघर कसं झालं ही एक वेगळीच मजा.) या खेळाच्या कर्त्यांपैकी गॅरी गायगॅक्सनं १९७५ मध्ये एका स्पर्धेसाठी ‘टूम ऑफ हॉरर्स’ नावाचं भुयार रचलं, १९७८ मध्ये ते छापूनही निघालं. सुळ्यांचे खड्डे हा त्यातला त्यातल्या त्यात दयाळू भाग होता. असल्या भुयारांनी खेळणाऱ्यांना एक सवय लावली: दहा फुटी काठी घेऊन फिरायचं आणि पुढची प्रत्येक लादी आधी ठोकून बघायची. दुधानं तोंड पोळल्यावर ताक फुंकून प्यावं तसं. सुरक्षित, आणि भयंकर कंटाळवाणं. दिसणारे सुळे हा त्या काठीवरचा उतारा होता. खेळानं खूण दिली की खेळणाऱ्याला सगळी जमीन ठोकत बसावं लागत नाही.

मेकनरचं शिफ्ट पुढे वारशानं गेलं. इंग्लंडमधल्या डर्बी गावातल्या कोअर डिझाइन या कंपनीनं १९९६ मध्ये ‘टूम रेडर’ काढला. लारा क्रॉफ्ट राजपुत्रासारखीच चौकोनी ठोकळ्यांच्या जगात वावरते, तिच्याही उड्या मापलेल्या असतात. आणि सुळे? चालत गेली तर काही होत नाही. पळत गेली तर रक्त जातं. वरून पडली तर संपली. चालण्याचं बटण पीसीवर पुन्हा शिफ्टच. शिवाय चालत असेल तर लारा कड्याच्या टोकाशी आपोआप थांबते, आणि राजपुत्रही जपून चालताना टोकाशी आला की आधी पाय पुढे करून चाचपतो. म्हणजे दोन्ही खेळांत शिफ्ट हे नुसतं सावकाश जाण्याचं बटण राहत नाही. खेळणाऱ्यानं ‘मी बघतोय’ असं खेळाला सांगण्याचं ते बटण आहे, आणि खेळ त्यावर विश्वास ठेवतो.

निन्टेन्डोनं या दोघांच्याही आधी दुसरा रस्ता धरला होता. १९८६ च्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’मध्ये काही खोल्यांच्या कोपऱ्यांत काटेरी ठोकळे बसलेले असतात. लिंक हा नायक त्यांच्या सरळ रेषेत आला, आडव्या किंवा उभ्या, की ते सुसाट त्याच्यावर धावून येतात आणि मग रमतगमत आपल्या जागी परततात. तलवारीनं ते मरत नाहीत, कशानंच मरत नाहीत. इथे वेगाची चौकशी नाही, जागेची आहे. शहाणा खेळाडू मुद्दाम रेषेत एक पाऊल टाकतो, ठोकळा झेपावला की मागे सरकतो आणि त्याच्या परतीच्या सावकाश प्रवासात पलीकडे निघून जातो. बैलाला अंगावर घेऊन बगल देण्याचा प्रकार. आणि झेल्डाचे काटे जीव घेत नाहीत, ठरावीक हृदयं घेतात. म्हणजे तिथे सौदा करता येतो. १९९१ च्या ‘अ लिंक टू द पास्ट’मध्ये तर एक आख्खी गुहा काट्यांनी भरलेली आहे. अदृश्य करणारा जादूचा अंगरखा पांघरून ती ओलांडायची, आणि तेवढ्या वेळात अंगरखा तुमची जादू भराभर पीत असतो. सुळे ओलांडण्याचं भाडं आधी वेळेत भरायचं होतं, इथे जादूत भरायचं.

कॅपकॉमच्या ‘मेगा मॅन’मध्ये, १९८७ पासून, काट्याला नुसता स्पर्श झाला की खेळ खल्लास. चालत की धावत, विचारपूस नाही. मला हा प्रकार कधीच आवडला नाही, पण त्याचेही भक्त आहेत.

डेरेक यूच्या ‘स्पेलंकी’नं २००८ मध्ये मेकनरचा नियम पुन्हा उचलला आणि त्यातून वेगळंच काही काढलं. या खेळात भुयार दर वेळी नव्यानं रचलं जातं, त्यामुळे पाठांतर उपयोगी नाही. सुळ्यांमधून बाजूनं चालत गेलात तर काही होत नाही. वरून पडलात तर मेलात. पण तिथे हा नियम सगळ्यांना सारखा आहे. माकड, गुहामानव, तुमच्यावर चिडलेला दुकानदार, जो पडेल तो मरेल. नियम असा सार्वजनिक झाला की सुळे कुणा एकाच्या बाजूचे राहत नाहीत. गडी भुलवून तिकडे न्यायचा आणि ढकलायचा. राजपुत्र सुळ्यांना घाबरायचा. स्पेलंकीवाला त्यांचा भागीदार होतो.

अलीकडच्या खेळांत सुळ्यांच्या बाबतीत एक सभ्य लबाडी चालते. पडद्यावर त्रिकोण जेवढा मोठा दिसतो, त्याहून त्याचा मारणारा भाग लहान ठेवलेला असतो. २०१८ च्या ‘सेलेस्ट’ या डोंगर चढण्याच्या खेळात काट्याला दिशा असते: टोक ज्या दिशेला आहे त्याच दिशेनं तुम्ही जात असाल, म्हणजे त्याच्यापासून दूर, तर स्पर्श झाला तरी मरण नाही. कड्यावरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी मारायची मुभा असते. खेळणाऱ्याला यातलं काही कळत नाही. त्याला वाटतं, आपण थोडक्यात वाचलो. ‘थोडक्यात वाचलो’ हे वाटणं विकत देण्यासाठी कुणीतरी रात्र रात्र बसून आकडे सारखे केलेले असतात.

खुद्द राजपुत्राच्या घरात मरणाचं काय झालं, ते पाहण्यासारखं आहे. २००३ मध्ये युबिसॉफ्टच्या मॉन्ट्रियलच्या स्टुडिओनं ‘द सँड्स ऑफ टाइम’ काढला. मेकनर त्यातही होता. इथे राजपुत्राच्या हाती एक खंजीर येतो, त्यातल्या वाळूच्या जोरावर काही सेकंद मागे फिरवता येतात. सुळ्यांवर पडलात? बटण दाबा, शरीर सुळ्यांवरून उचललं जाऊन उलटं वर जातं, पाय पुन्हा कड्यावर. वाळू संपली असेल तर मरण येतं, पण सगळी गोष्ट राजपुत्रच सांगतो आहे, त्यामुळे तो निवेदनाच्या सुरात म्हणतो की छे, हे असं झालंच नव्हतं, माझी सांगण्यात चूक झाली. सुळे जीवघेणे न राहता कथेकऱ्याच्या जिभेची अडखळ झाले. ही कल्पना मला आजही थोर वाटते. २००८ च्या खेळात तर एलिका ही सोबतीण पडणाऱ्या राजपुत्राचा हात दर वेळी धरते. तो मरतच नाही. तेव्हा बऱ्याच जुन्या खेळाडूंनी नाकं मुरडली. मग भीती कसली, असं त्यांचं म्हणणं. २०२४ च्या जानेवारीत आलेल्या ‘द लॉस्ट क्राउन’नं मधला मार्ग काढला: त्यातला नायक सरगॉन सुळ्यांत पडला की थोडा जीव जातो आणि तो आधीच्या सुरक्षित जागी परत उभा राहतो. ठेच लागली, चालू लाग.

त्या सँड्स ऑफ टाइमची नवी आवृत्ती करायचं सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झालं तेव्हा काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं. म्हणजे ज्या शहरात दिल्ली दरवाजा आहे, त्याच शहरात राजपुत्राचे सुळे नव्यानं घडत होते. पहिली झलक लोकांना रुचली नाही, तारखा पुढे गेल्या, आणि मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलला गेलं. क्लासात चपला काढून राजपुत्र खेळलेलं कुणी ना कुणी त्या पुण्याच्या चमूत असेल असं मला उगीचच वाटत राहतं.

मूळ खेळाचा सोर्स कोड मात्र कित्येक वर्षं हरवलेला होता. २०१२ मध्ये मेकनरच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात जुन्या फ्लॉपी सापडल्या. (खेळाचं संगीतही याच वडिलांचं, फ्रान्सिस मेकनर यांचं.) वीसेक वर्षं पडून राहिलेल्या त्या चकत्यांमधून जाणकारांनी मजकूर काळजीपूर्वक उतरवून काढला आणि मेकनरनं तो सगळ्यांना वाचायला खुला केला. सहा-पाच-शून्य-दोन प्रोसेसरसाठीची असेम्ब्ली भाषा, छोट्या छोट्या ओळी. त्यात राजपुत्र सुळ्यांवर टोचला गेला का, हे तपासणारा एक लहानसा तुकडा आहे.

मी तो वाचायला घेतला तेव्हा मला वाटलं होतं की कुठेतरी लिहिलेलं असेल: जपून चालत असेल तर सोडून द्या. तसं काही नाही. डेव्हिडच्या गिरवलेल्या प्रत्येक चौकटीला एक क्रमांक आहे. तपासणी एवढंच विचारते की आत्ताची चौकट धावण्याची आहे का, ७ ते १४ मधली, किंवा उडीची. तशी असेल आणि सुळे त्या क्षणी तयारीत असतील तर टोचा. जपून टाकलेल्या पावलांच्या चौकटींचा तिथे उल्लेखच नाही. त्यांच्याबद्दल कुणी विचारलेलंच नाही.